यंत्र उठेना तेव्हा

२०२३ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्यामुळे प्रयोगशाळेत गर्दी होती. दुपारच्या सुमारास एम. ए. भाग दोनची एक विद्यार्थिनी दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात सतरंजीत गुंडाळलेला संगणकाचा डबा होता. खानापूर तालुक्यातील आपल्या गावाहून तो डबा तिने बसमध्ये मांडीवर घेऊन आणला होता.

"सर, पेन ड्राइव्ह हरवला आणि लिनक्स गेलं. माझा लघुप्रबंध त्यात आहे."

लघुप्रबंधाचा विषय होता जात्यावरच्या ओव्या. आजीकडून आणि गल्लीतल्या इतर म्हाताऱ्या बायकांकडून तिने तीनशेच्या वर ओव्या उतरवून घेतल्या होत्या. त्यांतल्या एक आजी जानेवारीत वारल्या होत्या. ओव्या उतरवलेल्या वह्या होत्या, पण अर्ध्याअधिक ओव्या तिने मोबाइलवर ऐकत थेट संगणकावर टंकल्या होत्या आणि जागा हवी म्हणून मोबाइलमधले ध्वनिमुद्रण पुसून टाकले होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती. हे ऐकून मला राग आला. पण तो गिळला, कारण दुसरी प्रत न ठेवणाऱ्यांत एके काळी मीही होतो. ती हकिकत पुढे येईलच.

तिच्याबरोबर बी. सी. ए.चा एक विद्यार्थी आला होता. मुलगा हुशार आणि मदतीला तत्पर. तो म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम आहे, सर. लिनक्स परत टाकून देतो."

मी म्हणालो, "थांब. अजून कशालाच हात लावू नकोस."

लिनक्स 'परत टाकणे' हा आपल्याकडे सर्व रोगांवरचा एकच काढा होऊन बसला आहे. नव्याने प्रस्थापना करताना जुन्या पार्टिशनवर पुन्हा फाइल व्यवस्था आखली जाते आणि तिच्यावर हजारो नव्या फाइली लिहिल्या जातात. यंत्र चालू होते खरे. परंतु जे वाचवायचे होते तेच त्याखाली गाडले जाते. बूट लोडर बिघडला म्हणजे माहिती गेली असे मुळीच नाही. घराची किल्ली हरवली म्हणून कोणी घर पाडून पुन्हा बांधत नाही. मी मात्र एकदा पाडले होते.

२००१ साल असावे. संगणकविषयक एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स घातले होते. त्या काळी बूट लोडर म्हणून 'लिलो' नावाचा प्रोग्राम सर्रास वापरला जाई. एके रात्री नीटनेटकेपणाच्या हौसेने मी बूटच्या डिरेक्टरीतील फाइली इकडच्या तिकडे हलवल्या. सकाळी यंत्र सुरू केले, तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' ही दोनच अक्षरे उमटली आणि पुढे काही होईना. तीन वेळा बंद करून पाहिले, तीन वेळा तीच दोन अक्षरे. मी सीडी घातली आणि सारे नव्याने बसवले. एम. फिल.साठी दोन महिने घेतलेली प्रयोगांची वाचने त्यात गेली. पुढे काही महिन्यांनी लिलोबरोबर येणारी माहितीची फाइल सावकाश वाचताना कळले, की ती दोन अक्षरे हे निदानच होते, आणि त्यावरचा उपाय एका आज्ञेचा होता.

यंत्र उठताना नेमके काय होते हे ठाऊक असले, तर अशी चूक होत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांनी हा पुढचा भाग थोडा कंटाळवाणा वाटला तरी वाचावा.

संगणक सुरू करण्याला 'बूट करणे' म्हणतात. इंग्रजीत बुटाच्या मागच्या बाजूस असलेल्या चामडी फाशाला बूटस्ट्रॅप म्हणतात. तो स्वतःच ओढून स्वतःलाच वर उचलणे, अशी ती कल्पना. आपल्याकडे एखाद्याने आपलीच शेंडी धरून स्वतःला विहिरीतून वर काढावे, तसे काहीसे. अडचणही तशीच आहे. डिस्कवरचे वाचण्यासाठी प्रोग्राम लागतो आणि तो प्रोग्राम तर डिस्कवरच आहे. मग सुरुवात कोणी करायची?

सुरुवात मदरबोर्डावरील चिपमध्ये कायम बसलेला एक प्रोग्राम करतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणतात. बायॉसला फाइल, डिरेक्टरी, लिनक्स, विंडोज यांतले काही म्हणता काही कळत नाही. ठरवून दिलेल्या क्रमाने तो एकेक डिस्क पाहतो, तिचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलतो, मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवतो आणि कारभार त्याच्या स्वाधीन करून मोकळा होतो. या पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातील वाटणी पाहण्यासारखी आहे. ४४६ बाइट प्रोग्रामासाठी; ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी, प्रत्येकी १६ याप्रमाणे चार नोंदी; आणि शेवटचे दोन बाइट खुणेचे, सोळाच्या पायाने लिहिल्यास ५५ आणि एए. ही खूण नसेल तर सामान्यतः बायॉस ती डिस्क बूट करण्याजोगी समजत नाही.

४४६ बाइटांत काय मावणार? या परिच्छेदाचा मजकूरदेखील त्यात मावायचा नाही. तेव्हा तेथे बसणारा प्रोग्राम एकच काम करतो: आपल्याहून मोठ्या भावाला हाक मारणे. तो मोठा भाऊ कोठे राहतो, यावर बूट लोडरांच्या निरनिराळ्या जाती पडल्या.

वेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ च्या सुमारास लिहिलेल्या लिलोची रीत सरळ होती. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवर कोणकोणत्या ठोकळ्यांत पडला आहे त्या ठोकळ्यांचे क्रमांक तो आधीच टिपून ठेवी आणि उठताना ते क्रमांक आंधळेपणाने वाची. फाइलचे नाव त्याला कळत नसे. त्यामुळे फाइल हलली, की यादी खोटी ठरे. प्रत्येक बदलानंतर 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालवून यादी नवी करून घ्यावी लागे; मी ती चालवली नव्हती. आपण कोठपर्यंत पोहोचलो हे तो आपल्याच नावाची अक्षरे एकेक करून छापून सांगे. 'एल' म्हणजे पहिला टप्पा चालू झाला. 'एल आय' म्हणजे दुसरा टप्पा मेमरीत आला, पण चालेना. तिसरे अक्षर आले तर दुसरा टप्पा चालू झाला, परंतु यादी वाचता आली नाही. चारही अक्षरे आली म्हणजे सारे ठीक. इतका सोज्ज्वळ आणि प्रामाणिक निरोप त्यानंतर मला कोणत्याही प्रोग्रामाने दिलेला नाही. लिलोचे काम डिसेंबर २०१५ मध्ये थांबले.

आज बहुतेक ठिकाणी त्याची जागा 'ग्रब'ने घेतली आहे. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये तो सुरू केला. १९९९ पासून तो ग्नू प्रकल्पाचा भाग आहे. सध्या चालतो तो त्याचा नव्याने लिहिलेला दुसरा अवतार, ज्याची २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. ग्रबला फाइल व्यवस्था वाचता येते, हा मोठा फरक. पहिल्या सेक्टरातील छोटा तुकडा एका मधल्या तुकड्याला बोलावतो. हा मधला तुकडा पहिला सेक्टर आणि पहिले पार्टिशन यांच्यामधील मोकळ्या जागेत राहतो. जुन्या पद्धतीत पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरला सुरू होई, म्हणजे मध्ये ६२ सेक्टर, ३१,७४४ बाइट मोकळे. (वर मेमरीचा पत्ताही हाच आकडा आला आहे, तो निव्वळ योगायोग.) आता पार्टिशन २०४८ व्या सेक्टरला सुरू करण्याचा प्रघात पडल्यामुळे जागा ऐसपैस आहे. हा मधला तुकडा मग लिनक्सच्या पार्टिशनात शिरतो, ग्रबच्या डिरेक्टरीतून उरलेले भाग उचलतो, यादी पडद्यावर दाखवतो आणि आपण निवडू त्या कर्नेलला जागे करतो.

म्हणजे साखळी अशी: बायॉस, छोटा तुकडा, मधला तुकडा, ग्रबची डिरेक्टरी, कर्नेल. यंत्र अडले की साखळीची कोणती कडी तुटली एवढाच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा पडद्यावरच असते.

आता पुन्हा त्या मुलीकडे वळू. मी विचारले, "पेन ड्राइव्ह लावला नाही तर काय व्हायचं?"

"विंडोज यायचं, सर. बाबांचा हिशेब विंडोजात आहे. ते काढून टाकायचे, मी लावायची."

"आणि लावला की?"

"लिनक्सचं नाव यायचं. पण सर, लिनक्स पेन ड्राइव्हवरच असतं ना?"

निदान येथेच झाले. लिनक्स पेन ड्राइव्हवर नव्हते. डिसेंबरात कोणीतरी पेन ड्राइव्हवरून तिच्या हार्ड डिस्कवर लिनक्स घातले होते. प्रस्थापनेच्या शेवटी 'बूट लोडर पहिल्या डिस्कवर लिहू का?' अशा अर्थाचा प्रश्न येतो आणि सर्वजण न वाचता 'होय' म्हणतात. त्या वेळी यंत्राच्या लेखी पहिली डिस्क कोणती होती? जिच्यावरून यंत्र उठले होते ती, म्हणजे खुद्द पेन ड्राइव्ह! ग्रबचे दोन्ही तुकडे पेन ड्राइव्हवर जाऊन बसले आणि बाकी सारे लिनक्स हार्ड डिस्कवर गेले. हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर कोणी शिवलाच नाही. म्हणून पेन ड्राइव्ह काढला की विंडोज जणू काही झालेच नाही अशा थाटात उठे. तीन महिने ती मुलगी त्या पेन ड्राइव्हचा किल्लीसारखा वापर करीत होती आणि आपण किल्ली वापरतो आहोत हे तिला कोणी सांगितले नव्हते. शेवटी एके दिवशी बसमध्ये किंवा बसस्थानकावर ती किल्ली पडली.

विंडोजला लिनक्सची फाइल व्यवस्था मुळातून वाचता येत नाही. त्याच्या डिस्कच्या तक्त्यात हे पार्टिशन बिननावाचे, रिकाम्यासारखे दिसते. 'उगाच पडलेली जागा' म्हणून ते पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तिच्या वडिलांनी तसे केले नव्हते, हे नशीब.

आम्ही डबा टेबलावर मांडला. प्रयोगशाळेच्या मामांनी कोठूनसा जादा मॉनिटर आणून दिला. माझ्याजवळच्या थेट चालणाऱ्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र उठवले. (पुढील आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत, यंत्रावर त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात, आणि प्रत्येकीच्या आधी 'सुडो' लावावे.) पहिली आज्ञा 'एल-एस-बी-एल-के'. ही काही बदलत नाही, फक्त डिस्का आणि पार्टिशने दाखवते. कोणती डिस्क कोणती हे नावावरून ठरवू नये, आकारावरून ठरवावे. नावे प्रत्येक वेळी बदलू शकतात आणि याच गफलतीतून मूळ घोटाळा झाला होता. बाजारातली ५०० जीबीची डिस्क येथे ४६५.८ अशी दिसते, कारण येथे मोजणी १०२४ च्या पटीत होते. ती 'एसडीए' निघाली, आणि तिच्यातील पाचवे पार्टिशन लिनक्सचे.

ते पार्टिशन 'माउंट -ओ आरओ' असे, केवळ वाचण्यापुरते जोडले. मुलीने स्वतः डिरेक्टरी उघडली. फाइली होत्या. 'ओव्या_अंतिम', 'ओव्या_अंतिम_२', 'ओव्या_खरे_अंतिम' अशी नेहमीची नावे होती. ती काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्या सगळ्या फाइली आम्ही दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. हा क्रम कधीही उलटा करू नये.

मग हार्ड डिस्कचा पहिला सेक्टरही जपून ठेवला: 'डी-डी' या आज्ञेला ५१२ बाइटांचा एक ठोकळा उचलून फाइलीत ठेवायला सांगितले, म्हणजे विंडोजचा मूळ छोटा तुकडा हाताशी राहिला. असा जपलेला सेक्टर परत लिहिण्याची वेळ आली, तर मात्र पहिले ४४६ बाइटच लिहावेत. पूर्ण ५१२ लिहिले तर पार्टिशनचा जुना तक्ताही परत येतो, आणि मधल्या काळात पार्टिशने बदललेली असतील तर एका दुरुस्तीतून दुसरे संकट उभे राहते.

यानंतरची रीत ठरलेली आहे. लिनक्सचे पार्टिशन आता लिहिण्याच्या परवानगीसह '/एमएनटी' येथे जोडायचे. बूटसाठी वेगळे पार्टिशन असल्यास तेही त्याच्या जागी जोडायचे. तिच्या यंत्रात ते नव्हते. 'डेव्ह', 'प्रोक' आणि 'सिस' या तीन डिरेक्टऱ्या 'माउंट --बाइंड' करून आत दाखवायच्या. नंतर 'सीएच-रूट /एमएनटी' म्हटले, की आपण बाहेरच्या लिनक्समधून आतल्या लिनक्समध्ये प्रवेश करतो; जणू झोपलेल्या माणसाच्या हातांनीच त्याचे काम करून घेतो. तेथून 'ग्रब-इन्स्टॉल'.

येथे मी चुकलो, तेही सांगतो. गप्पांच्या ओघात मी 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए५' असे टंकले. पाचाचा आकडा नको होता. ग्रबने तत्काळ बजावले की तुम्ही पार्टिशनवर बसवू पाहत आहात, ही वाईट कल्पना आहे. असे केल्यास ठोकळ्यांच्या याद्या वापराव्या लागतात, त्या भरवशाच्या नसतात. आणि त्याने पुढे जाण्यास नकार दिला. ठोकळ्यांची यादी! म्हणजे २००१ सालचा माझा लिलो. पार्टिशनच्या आत ती मधली मोकळी जागा नसते, म्हणून ग्रबलाही जुन्या आंधळ्या पद्धतीवर यावे लागले असते. बी. सी. ए.च्या विद्यार्थ्याला मी त्या ओळीवर बोट ठेवून ही हकिकत सांगितली. पाठ्यपुस्तकात हे इतके चांगले समजावता आले नसते, असे म्हणून मी माझी चूक साजरी केली. नंतर पाच काढून टाकला आणि आज्ञा निमूटपणे पार पडली.

शेवटी यादी तयार करणारी 'अपडेट-ग्रब'. (ही डेबियन-उबुंटूच्या कुळातील आज्ञा, फेडोरात 'ग्रब२-एमकेकॉन्फिग'ला फाइलचे ठिकाण देऊन तेच काम होते.) यंत्र बंद केले, पेन ड्राइव्ह काढला, सुरू केले. लिनक्सची यादी आली. पण त्यात विंडोज नव्हते.

"सर, बाबांचा हिशेब?" मुलीचा चेहरा पुन्हा उतरला.

विंडोज जागच्या जागी होते. २०२१ साली आलेल्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब इतर प्रणालींचा शोध आपण होऊन घेत नाही. सुरक्षिततेच्या कारणास्तव ती सोय मूळ संकेतात बंद ठेवली आहे. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' समोर 'फॉल्स' लिहिले, 'अपडेट-ग्रब' पुन्हा चालवले आणि विंडोजचे नाव यादीच्या तळाशी आले. दोन्ही प्रणाली एकेकदा उठवून पाहिल्या.

तिच्या यंत्रात जे घडले ते तुमच्या यंत्रात घडेलच असे नाही. अधिक वेळा भेटते ते दुसरेच दृश्य. काळ्या पडद्यावर 'असे पार्टिशन नाही' किंवा 'अपरिचित फाइल व्यवस्था' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' हे शब्द. विद्यार्थी या पडद्याला फार भितात. वर सांगितलेली साखळी आठवा: रेस्क्यू असे लिहून आले, याचाच अर्थ छोटा आणि मधला असे दोन्ही तुकडे ठणठणीत आहेत. मधल्या तुकड्याला आपली डिरेक्टरी सापडत नाही, इतकेच. पार्टिशनांची जोडतोड केली आणि त्यांचे क्रमांक सरकले, की हमखास असे होते. त्या स्थितीत ग्रबला मोजक्याच आज्ञा कळतात. 'एल-एस' म्हटले की तो पार्टिशनांची नावे सांगतो, '(एचडी०,एमएसडॉस१)' या धर्तीवर. ग्रबच्या या अवतारात डिस्का शून्यापासून आणि पार्टिशने एकापासून मोजतात. पहिल्या अवतारात दोन्ही शून्यापासून मोजत, त्यामुळे जुन्या पुस्तकांवर विसंबू नये. मग 'एल-एस (एचडी०,एमएसडॉस५)/' असे एकेक पार्टिशन उघडून पाहावे. बहुतेक ठिकाणी तो 'कळत नाही' म्हणेल. जेथे 'बूट', 'ईटीसी', 'होम' अशी ओळखीची नावे दिसतील तेथे थांबावे. मग चार ओळी: 'सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)', 'सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब', 'इन्समॉड नॉर्मल', 'नॉर्मल'. यादी पडद्यावर येते. ही मलमपट्टी यंत्र बंद करेपर्यंतच टिकते. म्हणून लिनक्स उठल्याबरोबर आतून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' चालवून कायमची दुरुस्ती करावी.

याउलट, यादी आली, कर्नेलचा मजकूर भराभर सरकला आणि मग 'रूट फाइल व्यवस्था जोडता येत नाही' म्हणून यंत्र थांबले, तर बूट लोडरने आपले काम चोख केले आहे. दोष पुढे कोठेतरी आहे. तेथे ग्रब पुन्हापुन्हा बसवत राहणे म्हणजे दात दुखत असता चष्म्याचा नंबर बदलणे होय.

नव्या यंत्रांविषयी थोडक्यात. २०१२ च्या आसपासपासून बाजारात येणाऱ्या यंत्रांत बायॉसच्या जागी यूईएफआय आले. याला फॅट फाइल व्यवस्था वाचता येते. त्यामुळे ४४६ बाइटांची कसरत संपली. ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनात बूट लोडर साधी फाइल म्हणून राहतो आणि तिचा पत्ता मदरबोर्डाच्या स्मृतीत टिपलेला असतो. पार्टिशनांचा तक्ताही नव्या जीपीटी पद्धतीचा असतो. जुन्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक चार बाइटांत बसवावा लागत असल्यामुळे सुमारे दोन टेराबाइटांपलीकडची जागा सांगताच येत नसे. येथली नेहमीची चूक अशी: विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेले असते आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह जुन्या बायॉस पद्धतीने उठवलेला असतो. मग लिनक्सही जुन्या पद्धतीनेच बसते आणि दोघे एका यादीत येत नाहीत. थेट लिनक्समध्ये '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही डिरेक्टरी आहे की नाही, तेवढे पाहावे. नसेल तर आपण जुन्या पद्धतीने उठलो आहोत. बंद करून नव्या पद्धतीने उठावे आणि मगच दुरुस्तीस लागावे. पत्त्यांची नोंद 'ईएफआय-बूट-एमजीआर' या आज्ञेने पाहता येते आणि क्रमही बदलता येतो. मोठ्या अद्ययावतीकरणानंतर कधी कधी विंडोज पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलेले असते आणि लिनक्स 'गेल्या'ची ओरड होते. तेव्हा क्रम बदलण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बी. सी. ए.च्या विद्यार्थ्याने डबा परत सतरंजीत बांधून दिला आणि बसपर्यंत पोहोचवला. लघुप्रबंध वेळेवर सादर झाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा आली. हरवलेला पेन ड्राइव्ह सापडला होता: छत्री पावसाळ्यासाठी झटकून पाहताना तिच्या घडीतून पडला. "आता याचा काही उपयोग आहे का, सर?"

आम्ही प्रयोगशाळेतील एका यंत्राला तो लावला. यंत्राने अपेक्षेप्रमाणे 'ग्रब रेस्क्यू' दाखवले, कारण त्यातील मधला तुकडा तिच्याच हार्ड डिस्कला शोधत होता. तिच्या घरच्या यंत्रावर मात्र तो अजूनही चालला असता. मी तिला तो जपून ठेवायला सांगितले; पण अशी जादा किल्ली जुनी होते, हेही सांगितले. २०२० च्या जुलैत ग्रबमधील एक सुरक्षादोष दुरुस्त करणारे अद्ययावतीकरण आले, तेव्हा नेमका असाच अनुभव पुष्कळांना आला: डिरेक्टरीतील भाग नवे झाले, दुसऱ्याच डिस्कवर राहिलेला मधला तुकडा जुना राहिला, दोघांचे जमेना आणि 'ग्रब_कॅलॉक हे चिन्ह सापडत नाही' असे म्हणून यंत्रे अडली. तेव्हा दर मोठ्या अद्ययावतीकरणानंतर या पेन ड्राइव्हवरही एकदा 'ग्रब-इन्स्टॉल' चालवायचे, या वेळी जाणूनबुजून.

तिने पेन ड्राइव्हला कागदाची चिठ्ठी डकवली आणि तिच्यावर 'किल्ली' असे लिहिले. ओव्यांची एक प्रत माझ्या कपाटात आहे, दुसरी ग्रंथालयात.